मंगळवारची सवारी

टॅक्सी स्टँडवर आता एकच टॅक्सी असायची, आणि तीसुद्धा रांगेत उभी असायची.

एकट्या गाडीची रांग कशी होते, ते टॅक्सीवाल्या रेडिओकडून शिकावं. सकाळी आला की तो गाडी स्टँडच्या अगदी मागच्या टोकाला, भिंतीला लागून लावायचा. चहा झाला की एक गाडीभर जागा पुढे घ्यायचा. पेपर चाळून झाला की आणखी एक. असं सरकत सरकत तो पाटीच्या खांबापाशी, पहिल्या नंबरावर पोचायचा आणि मग हात बांधून सवारीची वाट बघत बसायचा. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला झाला आहे. तसं काही नव्हतं. स्टँडचा नियम होता की आधी येईल तो पुढे, पुढे असेल त्याची सवारी, आणि गाडी सोडून जाईल त्याचा नंबर गेला, मग तो कितीही घाईच्या कामाला गेलेला असो. या नियमाने रेडिओचं आयुष्यभर पोट भरलं होतं. बाकीचे सगळे पळून गेले म्हणून आपणही नियम मोडावा, हे त्याला पटत नव्हतं, इतकंच.

रेडिओ हे नाव त्याला स्टँडवरच मिळालं होतं. एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडायचं नाही. सवारी बसली की दार लागायच्या आत तो हवामानापासून सुरुवात करायचा आणि उतरेपर्यंत तिच्या धाकट्या मेहुण्याच्या नोकरीपर्यंत येऊन पोचायचा. काही लोक वैतागायचे, काही मुद्दाम त्याचीच गाडी मागायचे. पण नंबर मोडून तो कुणालाही घ्यायचा नाही.

मग फोनवरून गाडी बोलावायचं ते ॲप आलं. आधी स्टँडवर त्याची टिंगल झाली, मग एकेक जण गुपचूप त्यात शिरला. लंबू, जो सगळ्यांत मोठ्याने हसला होता, तो सगळ्यांत आधी. राग कुणावर काढायचा? पोट सगळ्यांनाच आहे. पण स्टँडवर माणूस चालत माणसाकडे यायचा, वाकून काचेतून विचारायचा, येता का म्हणून. ॲपमध्ये बोट दाबलं की गाडी दारात. एकमेकांचं तोंड बघायच्या आधी रस्ता ठरलेला, भाडं ठरलेलं. भांडायलासुद्धा काही शिल्लक ठेवलेलं नाही मेल्यांनी.

तरी रेडिओ स्टँडवर टिकून होता, आणि तो टिकून होता मंगळवारच्या जिवावर.

मंगळवारी सकाळी बाई यायच्या. बाईंचं पूर्वी कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, निम्म्या वस्तीचा खोकला त्यांनी बरा केलेला. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून त्यांना सगळे घड्याळवाले म्हणायचे. घड्याळवाल्यांची आठवण हळूहळू पुसत गेली, गॅस चालू राहू लागला, दार उघडं राहू लागलं, तेव्हा त्यांना टेकडीवरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. दर मंगळवारी बाई त्यांना भेटायला जायच्या, रेडिओच्या गाडीतून. तो खाली गाडीत बसून राहायचा आणि त्यांना परत घेऊन यायचा.

आता यात खरी गोष्ट काय होती, ते सांगितलं पाहिजे. रेडिओची बायको एका हिवाळ्यात वारली होती. त्या हिवाळ्यात बाई मुलाकडे गेलेल्या, दूर परदेशात, घड्याळवाल्यांना चांगल्या डॉक्टरला दाखवायला. तेव्हा ते अजून चालते-बोलते होते. बऱ्याच महिन्यांनी दोघं परत आली, मग ते शुश्रूषागृहाचं झालं, आणि पहिल्याच मंगळवारी गाडीत बसताना बाईंनी नेहमीच्या सवयीने विचारलं, "घरी काय म्हणतायत? डोळे कसे आहेत त्यांचे?"

डोळ्यांचे थेंब बाईंच्याच दुकानातून जायचे, म्हणून ही चौकशी. रेडिओने खरं सांगायलाच तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं: "मजेत आहे. तुमचे थेंब अजून घालते."

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, हे शपथेवर सांगता येईल. पण वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला इतकं बरं वाटलं, की पुढच्या वळणावर त्याने भर घातली, "फक्त गुडघे कुरकुरतात. माझं ऐकत नाही, जिने चढ-उतर करते." आणि मागून बाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, शेक घ्या." झालं. त्या दिवसापासून त्याची बायको पुन्हा जगायला लागली. मंगळवारामागून मंगळवार तिचे गुडघे दुखायचे, बरे व्हायचे. शेजारणीशी पाण्यावरून तिचं वाजायचं. तिने गॅलरीत कुंड्या लावल्या, एक मांजर येऊन ती उकरायचं, त्यावरून तिने रेडिओलाच बोल लावले. आणि ती बाईंच्या यजमानांची चौकशी करायची. "ही रोज विचारते बरं का, घड्याळवाले कसे आहेत म्हणून," रेडिओ सांगायचा. बाईही परत येताना खबर द्यायच्या, "सांगा त्यांना, आज दोन घास जास्त खाल्ले. आज माझ्याकडे बघून हसले."

घरी मात्र ही नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती, गॅलरीत नव्हती, आणि गॅलरीत कुंडीही नव्हती. रेडिओ दाराला कुलूप लावून निघायचा आणि कुलूप उघडून आत यायचा, आणि मधल्या वेळात त्या घरात काहीही हललेलं नसायचं. तोंडाचा पट्टा चालवणारा हा माणूस घरात दिवसचे दिवस एक शब्द बोलायचा नाही, कारण ऐकायला भिंतीच होत्या. त्याची बायको आता फक्त मंगळवारी सकाळी, स्टँडपासून टेकडीपर्यंतच्या रस्त्यावर होती. ती सवारी गेली असती, तर बायको दुसऱ्यांदा गेली असती.

आणि एका मंगळवारी बाई आल्याच नाहीत.

रेडिओने बरीच वाट पाहिली, मग जीव राहीना म्हणून पहिला नंबर सोडून त्यांच्या गल्लीत गेला. फाटकासमोर एक पांढरी गाडी उभी होती आणि बाई तिच्यात बसत होत्या. रेडिओला बघून त्यांनी दार अर्धं उघडं ठेवलं.

"मुलाने फोनमध्ये ते ॲप घालून दिलंय," त्या म्हणाल्या. "मी कुठवर पोचले ते त्याला तिथे बसून दिसतं म्हणे. नाही म्हटलं तर रागावतो."

"बरोबर आहे की," रेडिओ म्हणाला. "काळजी असते मुलांना."

"घरी सगळं ठीक?"

"ठीक. ही विचारत होती…"

पण दार लागलं आणि गाडी निघाली. ही काय विचारत होती, ते त्याच्या तोंडातच राहिलं.

त्या दिवशी घरी येऊन रेडिओने विचार केला. बाईंचा काही दोष नव्हता, मुलाचाही नव्हता. मुलाला नकाशावर आईचा ठिपका हललेला दिसायला हवा होता. मग आपणच त्या ॲपमध्ये शिरलो तर? ठिपकाही हलेल आणि सवारीही आपल्याच गाडीत बसेल. ज्या गोष्टीच्या नावाने इतके दिवस बोटं मोडली, तिच्याच दारात जाऊन उभं राहायचं, म्हणजे नाक मुठीत धरणंच होतं. पण नाकापेक्षा मंगळवार मोठा होता.

ॲपच्या कचेरीत एका मुलीने त्याचा फोटो काढला. "हसू नका," ती म्हणाली. हसण्याजोगं तसंही काही नव्हतं. तिने फोनवर काय दाबायचं ते भराभर दाखवलं आणि त्याने भराभर मान डोलावली. फोन वाजला की सवारी आली, एवढं त्याला नक्की समजलं.

पुढच्या मंगळवारी उजाडताच त्याने गाडी बाईंच्या फाटकासमोर नेऊन लावली. मनाशी म्हणाला, आपण सगळ्यांत जवळ, सगळ्यांत आधी, म्हणजे पहिला नंबर आपला. आयुष्यभर स्टँडवर उभा राहिलेला माणूस दुसरा कुठला विचार करणार? फोन वाजला. कुणाला तरी स्टेशनला जायचं होतं. रेडिओने नाही म्हटलं, कारण आपण निघून गेलो तर नंबर जाईल. पुन्हा वाजला, पुन्हा नाही म्हटलं. फोन वाजत राहिला आणि हा बहाद्दर डोळ्यांत तेल घालून फाटकाकडे बघत एकेकाला वाटेला लावत राहिला. शेवटी फोन वाजायचा थांबला. थोड्या वेळाने त्याच्या गाडीला वळसा घालून एक पांढरी गाडी फाटकापाशी आली, आणि बाई बाहेर येऊन तिच्यात बसल्या. बाजूला उभ्या असलेल्या गाडीत कोण बसलंय, याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

तो तडक लंबूकडे गेला. लंबू पेट्रोल पंपावर काचा पुसत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, ही काय रांग आहे का? तू इतक्यांना नाही म्हणालास, त्या यंत्राने तुला आळशी ठरवलं. आता बसवलंय सगळ्यांच्या मागे. कितीही जवळ उभा राहा, तुझी डाळ शिजायची नाही."

"मी तर सवारीसाठीच थांबलो होतो."

"ते त्याला कसं कळणार? त्याला काय तुझ्यासारखं तोंड आहे, का कान आहेत?" लंबू हसला, आणि मग रेडिओचा चेहरा बघून हसायचं थांबला. "येईल ते भाडं घे. कुणाला नाही म्हणू नको. वर येशील."

मग रेडिओने आठवडाभर येईल ते भाडं घेतलं. स्टेशन, बाजार, शाळा, विमानतळ. गाडीला उसंत नव्हती, आणि इतका एकटा तो स्टँडवरच्या रिकाम्या रांगेतही कधी पडला नव्हता. लोक बसायचे आणि कानात काहीतरी खुपसायचे. त्याने हवामानापासून सुरुवात केली की एखादा मान वर करून "काय?" म्हणायचा आणि मान खाली घालायचा. एक मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, मी कॉलवर आहे." एका गृहस्थाला त्याने हिंमत करून सांगून पाहिलं, "आमची ही म्हणते, या रस्त्याला झाडं लावायला हवीत." गृहस्थ "हं" म्हणाले. त्या 'हं'मध्ये कुणीही जगू शकलं नसतं. बाई विचारायच्या, मग पुढे काय झालं, मांजराचं काय केलंत, म्हणून ही होती. न ऐकणाऱ्यापुढे ती उभीच राहत नव्हती. रेडिओने पुन्हा कुणापुढे तिचं नाव काढलं नाही. तो गपचूप गाडी हाकायचा आणि रात्री घरी गेल्यावर घसा साफ करून बघायचा, आवाज आहे की गेला.

मंगळवारी पुन्हा फाटकासमोर. या वेळी गाडी धुतलेली, शर्टाला इस्त्री. फाटकावरच्या घंटेपाशी बाई आलेल्या दिसल्या, हातात फोन. त्या फोनवर वाकल्या, आणि रेडिओचा फोन वाजला.

पत्ता हाच. जायचं टेकडीवर, शुश्रूषागृहात.

रेडिओने इतक्या जोरात 'हो' दाबलं की फोन हातातून सटकून पायापाशी पडला. तो उचलेपर्यंत त्याच्या मनात आठवडाभराचं सगळं जमून आलं होतं. ही पडली होती, पण फार लागलं नाही. मांजराला पिल्लं झाली. शेजारणीशी समेट झाला. त्याने गाडी सुरू केली, नीट बसला, फोनकडे पाहिलं. पडद्यावर लिहिलं होतं: ग्राहकाने फेरी रद्द केली.

आधी त्याला वाटलं, पडल्यामुळे फोनच बिघडला. मग त्याने मान वर केली. बाई तिथेच उभ्या होत्या, गाडीकडे न बघता पुन्हा फोनवर काहीतरी दाबत होत्या. स्टँडवर नाही म्हणायचं तर माणसाला तोंडावर म्हणावं लागायचं, आणि तोंडावर म्हणणं अवघड म्हणून बरेच लोक निमूट बसायचे. इथे एका बोटात काम झालं होतं.

तो उतरला आणि फाटकापाशी गेला.

"बाई, फेरी रद्द झाली."

बाई दचकल्या. "अगबाई. तुम्ही इथेच होता?"

"चुकून बटण दाबलं गेलं असेल," रेडिओ म्हणाला.

बाईंनी 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पळवाट त्याने स्वतःच्या हाताने उघडून दिली होती. बाईंनी फोन पिशवीत टाकला आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"चुकून नाही. तुमचा फोटो आला, म्हणून मीच रद्द केली."

"माझं बोलणं जास्त होतं. मला माहीत आहे. मी गप्प बसेन, बाई. तोंडाला कुलूप लावतो."

"बोलण्याचं नाही हो." बाईंनी फाटकाचा दांडा धरला. "यांनी मला ओळखायचं सोडलंय. वर्ष होऊन गेलं. मी जाऊन बसते, तर मला म्हणतात, सिस्टर, आमच्या घरून कुणी येणार होतं, आलं का?"

रेडिओ म्हणाला, "पण तुम्ही तर म्हणायचात, हसले. म्हणायचात, तुमच्या लग्नातली आठवण काढली."

"म्हणायचे. काय करणार? मी खाली आले की तुम्ही दार धरून विचारणार, आणि तुम्ही एकटे विचारत नव्हतात. घरी त्या वाट बघत बसलेल्या. स्वतःचे गुडघे धरून बसलेली बाई, तिने परक्या माणसाची रोज चौकशी करायची, आणि मी तिला काय सांगू, की ते संपलं? माझ्याच्याने होईना. मग दर मंगळवारी त्यांच्यासाठी काहीतरी रचून आणायचे. आत यांच्याजवळ बसलेली असायचे, आणि अर्धं लक्ष त्यातच, की आज त्यांना काय सांगू." बाईंनी दांडा सोडला. "दमले मी. या गाड्यांमधून कुणी काही विचारत नाही. खिडकीबाहेर बघत बसता येतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आणि त्यांना तर मुळीच सांगू नका."

त्याने रचलेल्या बायकोसाठी बाईंनी नवरा रचला होता. आपल्याला बरं वाटावं म्हणून जी चौकशी त्याने बायकोच्या तोंडी घातली होती, तिचं ओझं ही म्हातारी बाई आठवड्यामागून आठवडे टेकडीवर वाहून नेत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाही त्याचं तोंड बोलू लागलं होतं, "मी हिला सांगतो, की आता विचारत जाऊ…"

किती सोपं होतं. सांगतो म्हटलं असतं, ही समजून घेते म्हटलं असतं, तर सगळं निभावलं असतं. बाई सुटल्या असत्या आणि ही उरली असती. त्याने ओठ मिटले. मग पुन्हा उघडले.

"बाई, ती नाहीये."

"कुठे गेल्यात?"

"तुम्ही मुलाकडे होतात ना, तेव्हाच वारली. तुम्ही आल्यावर विचारलंत आणि मला सांगता आलं नाही. मग कधीच आलं नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मग ते गुडघे?"

"नव्हते."

"मांजर?"

"तेही नव्हतं."

तेवढ्यात पांढरी गाडी आली आणि हॉर्न वाजला. काच खाली करून पोरसवदा चालकाने विचारलं, "मॅडम, टेकडी ना?" बाईंनी पिशवीतून फोन काढला आणि रद्द करा म्हणत रेडिओपुढे धरला. रेडिओने तो फोन घेतला आणि त्यांच्यासाठी फेरी रद्द करून दिली. चालक पुटपुटत निघून गेला. बाई रेडिओच्या गाडीपर्यंत चालत आल्या आणि मागचं दार उघडून आत बसल्या.

"मुलाला ठिपका दिसणार नाही," रेडिओ म्हणाला.

"वाटेल मी घरीच आहे. वाटू दे."

त्या दिवशी रस्ता संपता संपेना. पूर्वी बोलण्याला पुरत नसे तोच हा रस्ता. सिग्नलवर थांबले, पुलावरून गेले, शाळेच्या कुंपणाला लागून वळले, आणि दोघांपैकी कुणाकडेच सांगायला काही नव्हतं. ज्यांच्याबद्दल सांगायचे ती दोघं मेलेली होती, एक खरीखुरी आणि एक निम्मा. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्या रडत असाव्यात. रेडिओने मागे पाहिलं नाही.

टेकडीवर गाडी थांबली. बाई उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या.

"आत येता?"

रेडिओ कधीच आत गेला नव्हता. गाडी सोडून जायचं नाही, हे अंगात मुरलेलं. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, काच वर केली आणि बाईंच्या मागे निघाला.

खोलीत दोन पलंग होते, एक रिकामा. खिडकीशी खुर्चीत घड्याळवाले बसले होते, स्वच्छ दाढी केलेले, गळाबंद स्वेटर घातलेले. मांडीवरच्या चादरीची किनार ते दोन बोटांच्या चिमटीत धरून बारकाईने तपासत होते. बाईंना बघून त्यांनी मान हलवली.

"या, सिस्टर. आमच्या घरून आलं का कुणी?"

"येतील," बाई म्हणाल्या, दर वेळी म्हणत असाव्यात तशा.

मग त्यांचं लक्ष रेडिओकडे गेलं. "हे कोण?"

"मी टॅक्सी चालवतो. यांना घेऊन आलो."

"बसा, बसा." घड्याळवाल्यांनी समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. माणसाची आठवण जाते, पण आल्या-गेल्याला बसा म्हणायची रीत जात नाही. रेडिओ बसल्यावर ते पुढे वाकले आणि खऱ्याखुऱ्या आस्थेने विचारलं, "घरी मंडळी कशी आहे तुमची?"

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या काही बोलणार नव्हत्या, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. रेडिओने समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. इतका चांगला ऐकणारा त्याला जन्मात भेटला नव्हता. याच्यापुढे ही वाटेल तितकी वर्षं जगली असती. गुडघे, कुंड्या, पिल्लं, सगळं रोज नव्याने सांगता आलं असतं, आणि कुणाला कधी पत्ता लागला नसता. शब्द जिभेवर आले होते. मजेत आहे, एवढंच म्हणायचं होतं.

"वारली ती," रेडिओ म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला, अगदी घरचं कुणी गेल्यासारखा. "अरे, अरे. आजारी होत्या?"

"नाही. दुपारी जरा पडते म्हणाली. मी स्टँडवर होतो. आलो तेव्हा झोपलेलीच होती. मला वाटलं, झोपलीय. मी चहा करून घेतला, आवाज न करता."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लंबूलाही नाही.

"मग आता घरी कोण?"

"कोणी नाही. एकटाच."

"एकटं वाईट हो," घड्याळवाले म्हणाले. त्यांनी चादर सोडली आणि रेडिओचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "फार वाईट."

"हो," रेडिओ म्हणाला.

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. घड्याळवाल्यांचं लक्ष तिकडे गेलं, हात सुटले, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख पुसलं गेलं. ते पुन्हा वळले तेव्हा समोर नवाच माणूस बसला होता.

"बसा, बसा," ते आनंदाने म्हणाले. "घरी मंडळी कशी आहे तुमची?"

बाई झटकन वळल्या. "अहो, त्यांना आता पुन्हा…"

"असू दे, बाई," रेडिओ म्हणाला. त्याने स्टूल जरा पुढे ओढलं.

"वारली ती," त्याने सांगितलं.

"अरे, अरे," म्हातारा म्हणाला, तितक्याच कळवळ्याने, आणि त्याचा हात पुन्हा आपल्या हातांत घेतला. या वेळी रेडिओला रडू आवरलं नाही.